नळीचे माप

दौलताबादच्या किल्ल्यावरील मेंढा तोफ पाहावयास येणारा प्रवासी तिच्या पिछाडीस घडविलेल्या मेंढ्याच्या मस्तकाकडे आणि तिच्या प्रचंड देहाकडे पाहून थक्क होतो. परंतु तिच्या तोंडाचा व्यास किती, आणि त्या व्यासाचा गोळा शेजारच्या दुसऱ्या तोफेस चालला असता काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. औरंगजेबाच्या अमदानीत महंमद हुसेन अरब या कारागिराने ओतलेल्या आणि 'किलेशिकन' म्हणजे किल्ले फोडणारी अशी संज्ञा पावलेल्या या तोफेच्या काळी प्रत्येक तोफेचे तोंड तिचे तिचे असे, गोळे तिच्यापुरते ओतले अथवा घडविले जात, आणि एका बुरुजावरील साठा संपला म्हणजे दुसऱ्या बुरुजावरील ढीग समोर असूनही तोफ मुकी होत असे. पुढे कारखानदारीच्या युगात सर्व नळ्या एका मापाच्या करण्याची विद्या साध्य झाली. या विद्येने तोफखान्याच्या दरोग्याची चिंता दूर केली खरी. पण त्याबरोबर सत्ताधीशांच्या हाती एक नवे साधनही आले. एकाच घाटाची बंदूक दोन मापांत घडवावी, आणि कोणते माप कोणाच्या हाती द्यावे हे सरकारी दप्तरात ठरवावे, ही ती युक्ती होय.

या युक्तीचा उगम शोधू गेले असता आपण पुन्हा दौलताबादशेजारच्याच औरंगाबाद शहरात येऊन पोहोचतो. १८५७ च्या जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचा पहिला रिसाला होता. ही फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत वागणारी. उत्तरेकडे ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती काडतुसे येथील असंतोषाचे तात्कालिक कारण नव्हती. आपणांस दख्खनबाहेर नेऊन दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास लावणार, या वार्तेने हे स्वार बिथरले होते. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला, शिपायांची हत्यारे काढून घेण्यात आली, कॅप्टन ॲबट याच्यावर गोळी झाडणारा दफेदार मीर फिदा अली फासावर गेला, आणि इतर कित्येकांस गोळ्यांनी वा तोफेच्या तोंडी देहदंड मिळाला. ज्यास आज आपण क्रांती चौक म्हणतो तो काला चबुतरा या देहदंडांच्या स्मृतीचे स्थान आहे.

चरबीचे प्रकरण धर्मभावनेचे म्हणून आपण वाचतो आणि ते तसे होतेही. पण त्याच्या मुळाशी नळीचे माप होते, हे सांगावयास इतिहासकार बहुधा विसरतात. जुन्या 'ब्राऊन बेस' बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि पाऊण इंच व्यासाची. तिची वाटोळी गोळी नळीत सैल बसे, म्हणून ती सहज ठासता येई. नव्या १८५३ च्या एन्फिल्डची नळी ०.५७७ इंचाची, आतून पेचदार खाचा पाडलेली; तिची लांबट गोळी नळीस बरीच लगटून उतरे आणि दारूच्या काजळीने अडू नये म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडील भागास वंगण लागे. बंड मोडल्यावर सरकारने जो उपाय योजिला तो पाहण्याजोगा आहे. हिंदी पलटणींकरिता जी एन्फिल्ड पुढे देण्यात आली ती बाह्यतः तीच: तोच दस्ता, तोच घोडा, तीच संगीन, परंतु नळीतील खाचा नाहीशा करून तिचा व्यास ०.६५६ इंच केलेला, आणि दूरच्या नेमाची चढती माशी काढून टाकून तिच्या जागी स्थिर माशी बसविलेली. गोऱ्या शिपायाची एन्फिल्ड कित्येक शे यार्डांवर नेम साधी; काळ्या शिपायाच्या एन्फिल्डचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसे. कवायतीच्या मैदानावर दोन्ही पलटणी सारख्याच दिसत. राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचे इतके सुबक यंत्र मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

यानंतरचे अर्धशतक म्हणजे हिंदी शिपायास एक पाऊल मागे ठेवण्याच्या धोरणाचा इतिहास होय. जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाने एन्फिल्डची मागील बाजू कापून तीत मागून काडतूस भरण्याची झडप बसविण्याची तोड काढली. १८६६ साली ती मंजूर झाली आणि नळी न बदलता जुनी ठासणीची बंदूक धातूच्या काडतुसाची बंदूक बनली. पाचच वर्षांत गोऱ्या पलटणींस त्याहून सरस मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा स्नायडर हळूहळू हिंदी पलटणींकडे आली. या दोन काडतुसांची तुलना बोधप्रद आहे. दोहोंतील गोळीचे वजन एकच, ४८० ग्रेन. पण स्नायडरची गोळी ०.५७७ इंच जाडीची व आखूड, मार्टिनीची ०.४५ इंचाची व लांबट. स्नायडरमध्ये दारू ७० ग्रेन, मार्टिनीत ८५. स्नायडरच्याच काडतुसाची मान आवळून मार्टिनीचे काडतूस केले होते, म्हणून त्याच्या नावात दोन्ही अंक जोडून येतात. नळीच्या तोंडाशी दोहोंच्या वेगात फार अंतर नव्हते, शंभरएक फुटांचे; परंतु जाड गोळीस हवा अधिक अडविते, आणि पाचशे यार्डांवर जाऊन पोहोचेपर्यंत ती थकून खाली झुकलेली असते. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंदच्या मैदानावर या दोन्ही बंदुका एकाच रांगेत उभ्या होत्या: ६६ वी गोरी पलटण मार्टिनी घेऊन, आणि मुंबई फौजेचे ग्रेनेडियर व जेकब्स रायफल्स स्नायडर घेऊन. त्या दिवशीच्या पराभवास सेनापतीची चूक, पाण्याचा अभाव आणि शत्रूच्या तोफा ही कारणे मोठी होती. पण एका फौजेत दोन मापांचे काडतूस पुरविण्याची पाळी कोणी ओढवून घेतली, याचा जाब त्या वेळी कोणी विचारला नाही.

१८८८ साली ०.३०३ इंचाचे माप आले आणि आपल्या लोकांच्या तोंडी 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून जे कायमचे बसले, त्या युगास आरंभ झाला. आरंभी या मापाच्या काडतुसात काळी दारूच दाबून भरीत. थोड्याच वर्षांत धूर न करणारी कॉर्डाइट आली आणि गोळीचा वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या आसपास गेला. १९१० च्या सुधारणेने २१५ ग्रेनची बोथट गोळी जाऊन १७४ ग्रेनची अणकुचीदार गोळी आली, वेग २,४४० फुटांवर चढला. गोळी हलकी आणि मार लांबचा, हे गणित मागील पिढीच्या शिपायास उलटेच वाटले असेल! जुन्या मार्टिनींनाही नवी ०.३०३ ची नळी बसवून देण्यात आली. यंत्र जुने, नळी नवी. ही काडतुसे पुण्याजवळच्या खडकीस १८६९ पासून चाललेल्या कारखान्यात होत आणि त्यांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे उमटलेली असत. (मलिक अंबरने वसविलेल्या औरंगाबाद शहराचेही पहिले नाव खडकीच, योगायोगास अर्थ नसतो, तरी तो नमूद करावासा वाटतो.) कंटिंजंटचे पृथक् अस्तित्व १९०३ साली संपून तिच्या रिसाल्यांना हिंदी सैन्यात क्रमांक मिळाले, औरंगाबादेत ज्याची हत्यारे काढून घेतली होती तो रिसाला २० वी डेक्कन हॉर्स या नावाने नांदू लागला.

अविश्वासाची मात्रा आता शिपायाकडून रयतेकडे वळली. सैन्याचे काडतूस खाजगी माणसाच्या बंदुकीत चालता कामा नये, असा सरकारचा कटाक्ष होता, आणि १९०७ साली ०.४५० मापाच्या बंदुकांस हिंदुस्थानात बंदी झाली, कारण चोरट्या मार्गाने फिरणाऱ्या जुन्या मार्टिनींना त्या मापाचा पुरवठा होईल ही धास्ती. परिणाम गमतीचा झाला. वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी लंडनच्या बंदूककारांनी तीच बंदूक थोड्या वेगळ्या मापांत घडवावयास घेतली आणि ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी काडतुसांची नवी प्रजा जन्मास आली. गुणांत त्यांच्यात व ०.४५० मध्ये शिकारीच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता. कलकत्त्याच्या दप्तरातील एका हुकमाने त्यांना जन्म दिला होता.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारत सरकारची पोलीस कारवाई झाली, तेव्हा मेजर जनरल ब्रार यांच्या फौजा १४ तारखेस औरंगाबादेवर आल्या आणि दुपारी मुलकी अधिकाऱ्यांनी शहर त्यांच्या स्वाधीन केले. त्या दिवसांत निजामाची फौज आणि भारताची फौज एकाच कुळातील थ्री-नॉट-थ्री वागवीत होत्या, आणि रझाकार या निजामाच्या बाजूच्या स्वयंसेवकांच्या मोठ्या भागाहाती मात्र ठासणीच्या बंदुका, भाले व तलवारी होत्या. एकाच मैदानावर तीन शतकांची हत्यारे उभी राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात माप बदलण्याचा निर्णय प्रथमच निव्वळ लष्करी गरजेने झाला, असे मला वाटते. १९६२ च्या चिनी युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने ली-एन्फिल्डचा घाट तसाच ठेवून तीत ७.६२ मिलिमीटरचे काडतूस बसविले. या काडतुसाच्या बुडास बाहेर आलेली कड नाही, त्याच्या पितळी नळकांड्याची लांबी ५१ मिलिमीटर म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या नळकांड्याहून पाच मिलिमीटर कमी, गोळी सुमारे १४७ ग्रेनची, तरीही वेग अधिक. मात्र नळीतील दाब जास्त, म्हणून पोलाद अधिक मजबूत घ्यावे लागले आणि काडतुसांची पेटी चौकोनी करावी लागली. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना १९६४ साली उभा राहिला, आणि तेथे ही काडतुसे व पुढे ५.५६ मिलिमीटरचीही होऊ लागली.

तरीही १९०७ च्या हुकमामागील विचार कायद्याच्या पोटातून गेलेला नाही. ईशापुरास नागरिकांकरिता जी स्पोर्टिंग रायफल होते ती देहाने ली-एन्फिल्डच, पण माप ०.३१५ इंचाचे, हे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन सैन्याचे, गोळी २४४ ग्रेनची, जड आणि मंद. थ्री-नॉट-थ्रीहून ते सरस आहे असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. त्याचा एकमेव गुण हा, की सरकारी काडतूस त्या नळीत चालत नाही. परवान्याच्या अर्जावर 'प्रतिबंधित बोअर' आणि 'अप्रतिबंधित बोअर' अशी वर्गवारी आजही असते, आणि थ्री-नॉट-थ्री पहिल्या वर्गात मोडते.