बाळाची खोली कुठं होती? चिचगडमधल्या एका चुकलेल्या प्रश्नाची गोष्ट

परवा एका मैत्रिणीनं फोटो पाठवला. पहिलं बाळ येणार म्हणून पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सजवलेली खोली. भिंतीवर ढग, खाली पाळणा, आणि त्या पाळण्याचे कठडे काढले की तीन वर्षांनी त्याचाच पलंग होतो. कपडे बदलायच्या कपाटाचं पुढं अभ्यासाचं टेबल होतं म्हणे. तिनं खाली लिहिलं होतं, "तुझ्या फील्डवर काय असायचं गं?"

मी तेव्हा चिचगडलाच होते. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातलं हे जुन्या जमीनदारीचं गाव. भोवती धान आणि जंगल, पलीकडं छत्तीसगड. घर आणि घरातल्या वस्तूंचा इतिहास हा माझा विषय, म्हणून मी लगेच वही काढली आणि ज्यांच्या सपरीत बसले होते त्या आजींना विचारलं, "बाळाची खोली कुठं होती, आजी?"

आजी हसल्या. "खोली? अवो बाई, बाळ का पाहुना हाय का, त्याले खोली द्याले?"

संशोधनाला निघालेल्या तुम्हा सगळ्यांना हे वाक्य मी आवर्जून सांगते, कारण त्याआधी माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहून बसले होते: "या घरांत बालकांसाठी स्वतंत्र जागा नव्हती." वाक्य खोटं नाही. पण गाइडनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, "नव्हती, हे कुणाच्या मापानं?" मला राग आला होता, खरं सांगते.

मग आजींनी वर बोट दाखवलं. कवेलूच्या छपराखाली लाकडी मयाल होती आणि तिच्यावर एका जागी गुळगुळीत घळ पडली होती. दोराची. आधी तिथं जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. बाळ त्यात निजे, आणि चुलीशी बसलेली आई पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून झोका देई. बाळ बसायला लागलं की झोळी थोडी उतरवायची. चालायला लागलं की लुगडं काढायचं, तोच दोर ठेवायचा, खाली पाट बांधायचा, झाला झोका. पुढचं बाळ आलं की दोर पुन्हा झोळीचा. मैत्रिणीच्या पाळण्यानं जे करायचं ते हा दोर करत होता. फरक एवढाच की हा दोर एका मुलाचा नव्हता, घराचा होता.

आता इतिहासकार म्हणून अडचण बघा. लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की फडकी. दोर कुजतो. पांगुळगाडा शेजारी जातो, तिथून चुलीत. उरते ती फक्त मयालीवरची घळ. वस्तू टिकली नाही म्हणून ती नव्हतीच असं मानणं ही आपल्या क्षेत्रातली सगळ्यात स्वस्त चूक आहे. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली असं मांडलं की मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी अवस्था मानलीच जात नव्हती. त्यांचा बराच भर चित्रांवर होता. पुढं लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये डायऱ्या आणि आत्मचरित्रं वाचून दाखवलं की आईबाप मुलांसाठी झुरत होते, फक्त ते चित्रांत दिसत नव्हतं. हा वाद मुळातून वाचा. साधन बदललं की बालपणही बदलतं, हे त्यात लख्ख कळतं.

चिचगडसाठी साधनं कुठं शोधायची? इथं आधी नकाशा नीट लावा. हे गाव मध्य प्रांतात होतं, स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्रात आलं. १ मे १९९९ पर्यंत जिल्हा भंडारा, नंतर गोंदिया. म्हणजे एकाच ओसरीचे कागद नागपूर, भोपाळ, मुंबई असे तीन दिशांना पांगलेले असू शकतात. १९१६ साली आलेले रसेल आणि हिरालाल यांचे जातीजमातींवरचे चार खंड हाती घ्याच. जन्माचे विधी, नाव ठेवणं, सुतकाचे नियम त्यात आहेत. पण विचारणारे पुरुष आणि सांगणारेही बहुतेक पुरुष. झोळी कुणी, कधी, किती उंचीवर बांधायची हे त्यांना कोण सांगणार? आणि कृपा करून त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ चं 'गावगाडा' उचलून इथं चिकटवू नका. पुस्तक थोरच आहे, पण तो गाडा मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातला. झाडीपट्टीतला सुतार त्यातून काढायला गेलात तर नगर-पुण्याकडचा सुतार हाती लागेल.

सुतारावरून आठवलं. विदर्भातल्या वाचकांना तान्हा पोळा सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल घेऊन निघतात आणि घरोघर बोजारा मागतात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सगळीकडं सांगितलं जातं. (सगळीकडं सांगितलं जातं, अशा तारखेला कच्चं टाचण समजा, पुरावा नव्हे.) मला भावला तो बैलाचा आकार. त्या घरात तीन बैल होते: मुठीएवढा, वीतभर आणि गुडघ्याएवढा. पोरगा वाढेल तसा मोठा बैल, आणि मागचा बैल धाकट्याकडं. वाढत्या वयाचं फर्निचरच की हे! मग मी विचारलं, "आणि मुलींना?" आजी म्हणाल्या, "पोरीच्या हाती झोळीची दोरी."

इथं माझा उत्साह जरा ओसरला. झोळीतून सुटलेली मुलगी पाच-सहा वर्षांची होते न होते तोच धाकट्याला झोका द्यायला बसते. दोर तिच्याबरोबरही वाढला, पण उलट्या बाजूनं.

ही गाठ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसली होती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला तेव्हा मारिया माँटेसोरींचा विचार गिजुभाई बधेकांच्या बरोबरीनं ताराबाईंनी आपल्याकडं रुजवला होता. बुटकी फडताळं, मुलाच्या हाताला येईल असं सामान. पण १९४५ साली बोर्डीला ग्रामीण काम सुरू झाल्यावर महागडी साधनं बाजूला पडली. शंख-शिंपले, बिया, खडे आले. शाळा मुलांच्या अंगणात गेली, गुरांमागच्या मुलांसाठी कुरणात गेली. पुढं कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटं भावंडं पाळण्यात, म्हणून थोरली वर्गात बसू शकते. मुलाबरोबर वाढणारी खोली महाराष्ट्रात मला खऱ्या अर्थानं सापडली ती तिथं, आणि ती एका घराची नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेमुळं 'अंगणवाडी' हा शब्द गावोगाव गेला. संशोधन करताना प्रत्येक अंगणवाडीत नेमकं काय उतरलं, हे मात्र गावात जाऊनच बघायचं.

झोळीचं गोडगोड चित्र रंगवू नका, हेही सांगायचं होतं. दुसऱ्या भेटीत आजींनी बोटांवर मोजलं. त्या दोरात त्यांची पाच निजली, तीन मोठी झाली. मी वहीत आकडे लिहिले आणि पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न विचारायचा नसतो तेव्हा विचारू नका. मुलाखतीची नीतिमत्ता फॉर्मवरच्या सहीत संपत नाही. त्यांनीच थोड्या वेळानं चहा मांडला आणि बैल कुणी केले ते सांगायला लागल्या.

घर आता उतरवताहेत. मागं सांदवाडीत विटा पडल्यात, स्लॅबचं घर होणार. मयाल विकायची की जाळायची यावर घरात चर्चा चालू होती. मी घळीचं माप घेतलं, फोटो काढला, भिंतीवरच्या छुईच्या थरांचेही काढले. निघताना आजींचा नातू मिस्त्रीशी बोलत होता. स्लॅब टाकताना पंख्याच्या हुकाशिवाय आणखी एक कडी सोडायची, चांगल्या जाड सळीची. कुठं, ते आजी खाली उभ्या राहून दाखवत होत्या.