खानदेशातील परसातील खुराडे आणि २००६ ची साथ

खानदेशातील पारंपरिक खुराडे हा कोंबड्यांचा केवळ रात्रीचा निवारा होय. मुंगूस व मांजर यांपासून रक्षण हा त्याचा हेतू. दिवसा कोंबड्या उकिरड्यावर मोकळ्या चरत असल्याने दाण्याचा खर्च नगण्य असे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. तेथे त्याची लागण व्यावसायिक कुक्कुटपालनात होती. मार्चमध्ये मात्र जळगाव जिल्ह्यातील मारूळ, सावदा आदी गावांत ती परसातील कोंबड्यांत आढळली. रानपक्ष्यांचा संपर्क टाळण्यासाठी खुराड्यास जोडून जाळीबंद आवार बांधणे, हा त्यावरील उपाय होय. तथापि, जाळीचा खर्च एकदाच होतो. कोंडलेल्या कोंबडीस दाणा रोज घालावा लागतो. नशिराबादसारख्या गावातील भूमिहीन कुटुंबासाठी खरा प्रश्न या दाण्याचाच आहे.