मोजणी जुळली का?

मी मूळची वाईची. पाचगणी-महाबळेश्वरच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला कुणी पावसाची भीती घातली तर हसू येतं. फार्मासिस्टच्या नोकरीसाठी इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या जवळ आले, तेव्हा दवाखान्यातल्या लोकांनी कौतुकाने सांगितलं की बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं गाव, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मनात म्हटलं, एवढा तर महाबळेश्वरला जुलै-ऑगस्टातच कोसळतो.

खरी मेख पावसात नाही, त्याच्या जोडीने येणाऱ्या थंडीवाऱ्यात आहे. सह्याद्रीत माणूस चिंब होतो आणि चालत राहतो. इथे भर जुलैतही नऊशे मीटरच्या माथ्यावर ओल्या अंगाने थोडा वेळ थांबलं की आधी बोटं ऐकेनाशी होतात, मग जीभ जड होते, आणि शेवटी आपल्याला काही होतंय याचंच भान सुटतं. अशा डोंगरांवर ही मंडळी शर्यती लावतात. त्यांना म्हणतात फेल रेस. मीही धावते, बहुतेकदा शेवटच्या घोळक्यात.

या शर्यतींचा जन्म मात्र खराब हवेत झाला नाही, जत्रेत झाला. ग्रासमियर गावच्या वार्षिक खेळांत 1868 पासून वाटाड्यांची शर्यत होते. मैदानातून सुटायचं, समोरच्या बटर क्रॅगवर चढायचं आणि घसाऱ्यावरून, नेच्यांच्या रानातून उड्या टाकत परत यायचं. बारा-पंधरा मिनिटांचा मामला. बाजूला कुस्त्या, शिकारी कुत्र्यांच्या शर्यती आणि पैजा घेणारे बुकी. आपल्या गावजत्रेतला इनामी कुस्त्यांचा फड डोळ्यांसमोर आणा, वातावरण तेच. पैसा लागलेला असल्यामुळे सगळी शर्यत मैदानातून दिसणं भागच होतं. कोण पुढे, कोण पडला, हे शेवटच्या रांगेतल्या आजीबाईलाही कळायचं. कॉल्डबेकच्या बिल टीसडेलने ही शर्यत अकरा वेळा जिंकली आणि दरवेळी अख्ख्या गावासमक्ष.

दुसरा प्रवाह वेगळा होता. 13 जून 1932 रोजी केझिकमध्ये अतिथीगृह चालवणारा बॉब ग्रॅहम तिथल्या मूट हॉलपासून निघाला आणि बेचाळीस शिखरं पार करून 23 तास 39 मिनिटांत परतला. पुढची अठ्ठावीस वर्षं हे कुणाला पुन्हा जमलं नाही. 1952 मध्ये लेक डिस्ट्रिक्ट माउंटन ट्रायल सुरू झाली. इथे आखलेली वाट नाही. नकाशावर ठाणी दिलेली, मधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. 1960 साली वॉस्डेलचा तरुण मेंढपाळ जॉस नेलर कामावरचे बूट आणि गुडघ्यापाशी कापलेली विजार अशा अवतारात या शर्यतीत उतरला. पुढे 1975 साली त्याने चोवीस तासांच्या आत बहात्तर शिखरं केली. 1962 च्या ट्रायलमध्ये हवा इतकी बिघडली की एकटा जॉर्ज ब्रास शर्यत पूर्ण करू शकला.

शर्यत अशी मैदानातून डोंगराआड गेली. बक्षिसाचे पैसे घेणाऱ्यांना हौशी शर्यतींत मज्जाव, त्यामुळे दोन्हीकडच्या धावपटूंची बरीच वर्षं गाठही पडत नसे. त्या भांडणावर भरपूर लिहिलं गेलंय. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा बदल: आता धावणारा कुणाला दिसत नव्हता. धुक्यात माणूस शिरला की तो पुढच्या ठाण्यावर उगवेपर्यंत आहे की नाही, हे सांगणार कोण?

याची किंमत मोजावी लागली. 1978 मध्ये यॉर्कशरच्या थ्री पीक्स शर्यतीत एक धावपटू थंडीने गेला. आज आयोजक जी यादी हातात देतात, शिवणी बंद केलेला टोपीवाला रेनकोट, तशीच विजार, कानटोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीअडचणीचं खाणं, ती अशा अनुभवांतून वाढत गेली आहे. सुरुवातीला पिशवी उघडून तपासतात. नवखे कुरकुरतात. मी नाही.

वॉस्डेलच्या शर्यतीत एकदा ग्रेट गेबलवरून उतरताना पाऊस आडवा झाला. चौतीसेक किलोमीटरच्या त्या शर्यतीत तिथे पोचेपर्यंत पाय आधीच बोलू लागलेले असतात. हातमोजे काढून पिशवीची चेन ओढायला गेले तर अंगठा आणि तर्जनी जवळ येईनात. शेवटी चेनची दोरी दातांत धरून ओढली, रेनकोट चढवला आणि स्टाय हेड खिंडीकडे घसरत उतरले. तिथे बचाव पथकाच्या स्ट्रेचरची पेटी कायमची ठेवलेली आहे. पेटीच्या आडोशाला धावपटूंची नोंद घेणारे एक आजोबा बसले होते. त्यांना म्हटलं, मी थांबते. त्यांनी माझ्या नंबरापुढे खूण केली आणि बजावलं, "थेट गाडीत बसून घरी जायचं नाही. आधी खाली टेबलावर नंबर सांगायचा."

तेव्हा वाटलं, हरलेल्याला आणखी कशाला राबवतात? मग जुन्याजाणत्यांकडून कारणं कळली. 2008 च्या ऑक्टोबरात बॉरोडेलमध्ये दोन दिवसांची माउंटन मॅरेथॉन महापुरामुळे अर्ध्यात थांबवावी लागली. दीड हजारांहून जास्त माणसं बेपत्ता, अशी बातमी देशभर गेली. प्रत्यक्षात धावपटूंकडे तंबू होते, शेकडो जणांनी होनिस्टरच्या पाटीच्या खाणीत आणि शेतघरांत आसरा घेतला होता आणि जीव कुणाचाच गेला नाही. माणसं सुखरूप होती, ती कुठे आहेत हे मात्र कागदावर नव्हतं. 2012 मध्ये बटरमियरच्या शर्यतीत याची दुसरी बाजू दिसली. तिथे एक धावपटू खरोखरच थंडीने दगावला, आणि धावपटूंच्या मोजणीचा मुद्दा पुढच्या चौकशीत ऐरणीवर आला. त्यानंतर नियम आणखी कडक झाले.

क्रीडा-इतिहास म्हटला की लोक विक्रम विचारतात. तर ऐका. बेन नेव्हिस डोंगरावरच्या शर्यतीचा पुरुषांचा विक्रम केनी स्टुअर्टचा, 1 तास 25 मिनिटं 34 सेकंद, सन 1984. वॉस्डेलचा बिली ब्लँडचा, तोही 1982 चा. बूट हलके झाले, कापड सुधारलं, तरी चाळीस वर्षांत हे आकडे जागचे हलले नाहीत. या खेळाने जी मजल मारली ती घड्याळात शोधून सापडायची नाही. ती सापडते नोंदीच्या वहीत. ग्रासमियरच्या मैदानात जे काम हजार डोळे फुकट करायचे, ते आता प्रत्येक ठाण्यावर पावसात बसलेला एक माणूस पेन्सिलीने करतो. मलाही अधूनमधून त्या खुर्चीवर बसवतात. विजेता जेवून घरी गेलेला असतो, बक्षिसं वाटून झालेली असतात, आणि आम्ही आकडे जुळवत बसलेलो असतो. सुटलेले इतके, पोचलेले इतके, मधेच थांबलेले इतके. बेरीज बरोबर आली की मगच शर्यत संपली म्हणायचं.