टेबलाखालची मंडळी

'हॅकर' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम वाचला तो वर्तमानपत्रात, कुठल्यातरी चोरीच्या बातमीत. संगणकाच्या व्यवसायापायी गाव सोडून इथे स्थायिक झालेल्या माझ्यासारख्यांचेही तेच. पुढे कधीतरी वाचनात आले की, या शब्दाला तांत्रिक अर्थ दिला तो छोट्या आगगाड्या चालवणाऱ्या महाविद्यालयीन मुलांनी. कुतूहल वाढले आणि मिळेल ते वाचत गेलो. आपल्याच व्यवसायाचा हा पूर्वेतिहास मित्रमंडळींना सांगावासा वाटला.

अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज येथे एम.आय.टी. ही विख्यात तंत्रसंस्था आहे. तिथे १९४६ साली 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' स्थापन झाला. त्याला खोली मिळाली ती इमारत क्रमांक २० मध्ये. ही तीन मजली लाकडी इमारत १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली. युद्ध संपताच ती पाडायची होती. प्रत्यक्षात ती ५५ वर्षे टिकली. तात्पुरती म्हणूनच तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नसे. भिंतीला भोक पाडा, वायर ओढा, कोण विचारतो! क्लबला हे फारच सोयीचे पडले.

खोलीभर पसरलेल्या मंचावर रूळ, डोंगर, गावे, स्टेशने अशी मांडणी होती. गाड्या खऱ्याच्या सुमारे ८७ व्या हिश्शाच्या. क्लबात दोन तऱ्हेचे सभासद होते. काहींना डबे रंगवण्यात, डोंगर-झाडे करण्यात गोडी. बाकीच्यांचा जीव टेबलाखाली गुंतलेला. ही 'सिग्नल्स अँड पॉवर' उपसमिती. वायरी, स्विच आणि रिले हेच त्यांचे विश्व.

टेबलाखाली एवढे काय होते? अशा गाड्यांना वीज रुळांतून मिळते. एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. वेगवेगळ्या गाड्या वेगवेगळ्या माणसांनी चालवायच्या तर रुळांचे तुकडे पाडावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा योग्य वेळी योग्य चालकाच्या हाती द्यावा लागतो. टेलिफोन एक्स्चेंजचे काम याहून वेगळे काय असते? टेलिफोनचे सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या शैक्षणिक देणगी योजनेतून क्लबला रिले मिळाले. टेलिफोनची गोल डायल फिरवून रुळाचा कोणता तुकडा हवा ते सांगायचे, की खालचे रिले खडखडत जोडणी करीत. १९६२ पर्यंत रिलेंची संख्या सुमारे १,२०० झाली होती. एक रिले दुसऱ्याला चालवतो, दुसरा तिसऱ्याला; 'हे असेल तरच ते' हा तर्क तारांतून वाहू लागतो. संगणकाची मूळ कल्पनाही हीच.

क्लबचा एक नियम मला फार आवडला. मांडणीवर ४० तास काम करा, मग खोलीची किल्ली तुमची. हुद्दा, गुण, वशिला काही लागत नसे. अर्थात सारेच सोवळे नव्हते. संस्थेच्या खरेदीचे नियम चुकवून सुटे भाग मिळवणारी 'मध्यरात्रीची' समितीही तिथे होती! आणि हे जग जवळजवळ सर्वस्वी मुलांचेच होते. मुलींना तिथे वाव नव्हता, हेही सांगायला हवे.

पीटर सॅमसन या सभासदाने १९५९ साली क्लबच्या बोलीचा छोटा कोश केला. त्यात 'हॅक' हा शब्द आहे. उपयोगाचा विचार न करता हौसेपायी केलेला उद्योग, असा त्याचा थट्टेखोर अर्थ. हळूहळू त्याला कौतुकाचा रंग चढला.

तोवर या मुलांना संगणकाची चाहूल लागली होती. संस्थेतल्या आयबीएम ७०४ यंत्राला मात्र हात लावायची सोय नव्हती. भोके पाडलेली कार्डे खिडकीतून द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. १९५८ साली टीएक्स-० हे ट्रान्झिस्टरचे यंत्र संस्थेत आले. क्लबचे माजी सभासद जॅक डेनिस यांनी मुलांना तिथे प्रवेश मिळवून दिला. आता यंत्रासमोर स्वतः बसता येऊ लागले. १९६१ साली पीडीपी-१ आला आणि १९६२ साली स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. त्यातले खरेखुरे तारांगण सॅमसनचे. खेळण्यासाठीच्या नियंत्रण-पेट्या अ‍ॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी बनवल्या, त्याही क्लबच्या खोलीतले लाकूड, वायरी आणि स्विच जमवून. हाच कोटॉक पुढे पीडीपी-१० या नामांकित संगणकाचा प्रमुख रचनाकार झाला.

१९८० च्या दशकात वृत्तपत्रांनी 'हॅकर' शब्द घुसखोरांना चिकटवला, तो चिकटलाच. १९९८ साली इमारतही पाडली गेली. तिच्या जागी २००४ मध्ये वास्तुशिल्पी फ्रँक गेहरी यांचे स्टाटा सेंटर उभे राहिले. जुनी मांडणी गेली, पण क्लब मोडला नाही. दुसऱ्या इमारतीत सभासदांनी नव्याने रूळ टाकले. नव्या मांडणीत संस्थेच्या उंच ग्रीन बिल्डिंगची प्रतिकृती केली आणि तिच्या खिडक्यांच्या दिव्यांवर टेट्रिस खेळायची सोयही केली!

आज आपल्या मुलांच्या हाती येणारी यंत्रे सीलबंद असतात. स्क्रू काढला की वॉरंटी संपते. टेबलाखाली शिरून, वायरी उलगडून, चुकतमाकत शिकण्याची जागा त्यांना घरात कुठे मिळते? माळ्यावरचा एखादा बंद रेडिओ, जुना टेलिफोन त्यांच्या हाती द्यावा, असे मला मनापासून वाटते. वीज जोडायची नाही, एवढीच अट घालावी. पसारा होईल, तो थोडे दिवस चालवून घ्यावा.