तळटीप: ‘श्रीगुरू’ कोण?
* येथील ‘श्रीगुरू’ म्हणजे निवृत्तिनाथ. ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू. परंपरेनुसार जन्म इ.स. १२७३, म्हणजे शिष्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे. ‘ज्ञानेश्वरी’त ते नुसते वंदनापुरते येत नाहीत, श्रोत्यांत बसलेले, मध्येच बोलणारे पात्र आहेत. पहिल्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव गुरुस्तवनात रंगले असता ते त्यांना अडवतात आणि चटकन ग्रंथाकडे वळायला सांगतात. बोलणे तेवढेच, उपदेशाचा पाल्हाळ नाही. (स्वतःची स्तुती आवरायला लावणारा गुरू आपल्या जुन्या वाङ्मयात तसा विरळाच.) आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी या क्रमाने निवृत्तिनाथांपर्यंत आलेली परंपरा अठराव्या अध्यायाच्या अखेरीस दिली आहे, वाचकांनी ती अवश्य पाहावी. — संपा.