साचा

‘साचा’ या शब्दाला आमच्या घरात मान आहे. वडील परळच्या गिरणीत साचेवाले होते. गिरणगावात माग म्हणजे साचा, अन् मागांचं खातं ते साचेखातं. त्यामुळे अमेरिकेहून मेव्हणीने पाठवलेलं पाकीट फोडून सौ. म्हणाली, ‘‘अहो, टॉपचा साचा आला,’’ तेव्हा मी आधी दाराची रुंदी पाहिली. निघाला तो पापडाहून पातळ कागद!

या कागदाला इतिहास आहे. 1863 साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे तयार साचे विकायला काढले. मुलाचे कपडे शिवताना मापाचा साचा मिळत नाही, ही कुरकुर त्याच्या बायकोची, असं सांगतात. कुरकुरीतून भांडवल उभं राहिल्याचं हे एकच खातं माझ्या माहितीत आहे.

आपल्याकडे ही चाल फारशी रुजली नाही. गरजच नव्हती. चाळीखाली शिंपी, वर शिवणक्लास केलेली एखादी तरी वहिनी. शिवाय दादरच्या झारापकरांचं कटिंगचं पुस्तक. टेप घ्या, छातीचा चौथा भाग काढा, त्यात सैलपणा मिळवा. म्हणजे तिकडे साचा आधी, माणूस नंतर. इकडे माणूस आधी.

आता हा टॉप बनियनसारख्या कापडाचा. मराठीत ‘विणणे’ एकच. साचेवालाही विणतो आणि स्वेटर करणारी काकूही. पण साच्यावर उभे-आडवे धागे एकमेकांना जागच्या जागी धरून ठेवतात. बनियनच्या कापडात धाग्याचे फास एकमेकांत अडकलेले. ओढलं की येतं, सोडलं की जातं. पाकिटावर एक पट्टी छापलेली होती. चार इंच कापड ओढून पुढच्या खुणेपर्यंत पोचलं तर पास. त्याच भरवशावर साचा अंगाच्या मापाहून लहान ठेवलेला.

सौ.ने मंगलदास मार्केटातून कापड आणलं आणि आईच्या जुन्या, फक्त सरळ टाका घालणाऱ्या मशीनवर टॉप शिवला. डोक्यातून घातला. कापड ताणलं, दोरा ताणला नाही. तड तड तड! मी ‘छान दिसतो’ म्हणालो, ते जरा लवकर झालं.

आई कॉटवरून म्हणाली, ‘‘अगं, शिवताना कापड पुढून-मागून जरा ताणून धरावं. मग घालताना टाका तुटत नाही.’’

‘‘आई, हे तुम्ही कुठे शिकलात?’’

‘‘संपात.’’

18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कितीकांचे साचे कायमचे थांबले, त्यांत वडिलांचेही. आई चाळीतल्यांच्या उसवलेल्या बनियनी शिवून देऊ लागली, कारण नव्या घ्यायला कुणाकडे पैसे नव्हते. पुढे ब्लाउज शिवू लागली. आमचं घर त्या सरळ टाक्यावर उभं राहिलं.

तिने ट्रंक उघडायला लावली. आत तिचे साचे होते, वर्तमानपत्रावर कापलेले. नंबर एकावरही नाही. निळ्या पेन्सिलीने नावं: ‘खालची वहिनी’, ‘मास्तरीणबाई’, ‘कोपऱ्यातली, डावा खांदा उतरता’. एका पाठीच्या साच्यावर संपाची बातमी आहे. गळ्याशी कापली गेल्यामुळे तिचा शेवट वाचता येत नाही.

आईने टेप काढली. सौ.ला उभं करून मापं घेतली, सैलपणा मिळवायचा तिथे वजा केला आणि त्या दिवशीच्या पेपरवर साचा कापला. मी अजून क्रिकेटचं पान वाचलं नव्हतं. ते बाहीत गेलं.

टॉप ठीक बसला. साच्यावर आईने ‘सूनबाई’ असं लिहिलं आणि तो ट्रंकेत टाकला. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर सौ.चं नाव त्या ट्रंकेत लागलं.

मेव्हणीला कळवलंय, साचा अगदी बरोबर बसला. कुठला, ते लिहिलं नाही.