गुणांच्या बेरजेंत न दिसणारें

परीक्षेंत दोन मुलांना पन्नास-पन्नास गुण मिळाले, म्हणजे त्यांचें ज्ञान सारखेंच, असें समजण्याचा प्रघात फार जुना आहे. परंतु एकाला हातच्याची वजाबाकी येत नसेल; दुसऱ्याला ती येत असून प्रश्नाची भाषा कळत नसेल. रोग निराळे, औषध मात्र बेरीज पाहून एकच दिलें जातें.

हें अंतर मोजण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बोधप्रद आहे. १९०५ सालीं पॅरिस येथें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ ह्यांनीं शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखण्यासाठीं एक कसोटी रचली. डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनीं ती मराठी व कानडी मुलांसाठीं अनुरूप केली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं निघाला. अशा कसोटीनें मुलाचें बौद्धिक वय कळे. कोणतें कौशल्य कच्चें, हें कळत नसे.

१९८३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या किकुमी तात्सुओका ह्या विदुषीनें निराळी वाट दाखविली. तींतूनच कौशल्यांचा तक्ता रूढ झाला: आडव्या ओळींत प्रश्न, उभ्या रकान्यांत त्यांना लागणारीं कौशल्यें. येत असूनहि चूक होते, येत नसतां अंदाजानेंहि उत्तर बरोबर येतें. पुढील संख्याशास्त्रज्ञांनीं ह्या दोन्ही शक्यता हिशेबांत धरून प्रत्येक कौशल्याची संभाव्यता स्वतंत्र काढली. मुंबईंत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेनें २००५ सालीं सुरू केलेल्या ‘असर’ पाहणींतहि मूल अक्षर, शब्द, परिच्छेद कीं गोष्ट वाचतें, हें पायरीपायरीनेंच पाहिलें जातें.

ह्या तक्त्याची खरी कसोटी लागते ती २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत. भामरागड-एटापल्लीच्या अरण्यांत माडिया बोलली जाते. ती गोंडीच्या घराण्यांतील द्राविड भाषा. मराठीशीं तिचें कूळ जुळत नाहीं. ‘बत्तीस आंब्यांपैकीं सतरा विकले, किती उरले?’ हा मराठी प्रश्न तेथील मुलाचा चुकला आणि तक्त्यांत ‘मराठीचें आकलन’ हा रकानाच नसला, तर हिशेब निर्दोष असूनहि दोष वजाबाकीच्या माथीं येतो. मग गुरुजी वजाबाकीच घोटून घेतात, आणि मूल स्वतःला मंद समजूं लागतें.

उपाय साधा आहे. तशाच तोलाचें उदाहरण एकदां आंकड्यांत, एकदां मराठी वाक्यांत, एकदां माडियांत तोंडी विचारावें. उत्तरांतील फरकच अडखळ कोठें आहे तें सांगतो. संख्याशास्त्राला आंखलेल्या रकान्यांपलीकडचें दिसत नाहीं. म्हणून रकाने आंखणाऱ्याला मुलाच्या घरची बोली ठाऊक असावी लागते.